पापणीवरचं अंडं आणि छताला टांगलेला डोळा

बासी ईदच्या दुपारी मी मामूंच्या शेडवर बसलो होतो. गाव इंदापूर तालुक्यातलं, बारामतीकडून येणाऱ्या रस्त्याच्या आत दोन-अडीच किलोमीटर. चहूबाजूंनी ऊस, मध्ये दोनशे फूट लांब आणि तीस फूट रुंद शेड, आत सहा हजार पक्षी. आमच्याकडे ब्रॉयलरला कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. कोंबडी म्हणजे दारातली, गावरान, जिला नाव असतं आणि जिच्या खोड्या घरात सगळ्यांना माहीत असतात.

एप्रिलचं ऊन. पडद्यांना लावलेली गोणपाटं ओली करून झाली होती. मामूंचा थोरला मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाईजान म्हणतो, मोबाइल घेऊन आला आणि त्यानं एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली शेड, छताखाली एक रूळ आणि त्या रुळावरून हळूहळू सरकणारं एक यंत्र. त्याच्या पोटात कॅमेरे. खाली पसरलेल्या पक्ष्यांकडं बघत ते पुढं जातं आणि कुठं गरमी वाढली, कुठं हवा खराब झाली, कुठं पाण्याचा निप्पल गळतोय, कुठं पक्षी मरून पडलाय हे मालकाच्या फोनवर कळवतं.

मामूंनी चष्मा लावून व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "देखनेकू तो मैं भी देखता. मरेली उचलता कौन?"

सगळे हसले. हसता हसता मामूंना खोकल्याची ढास लागली आणि ती बराच वेळ थांबली नाही. वीस वर्षं ते दिवसातून तीन-चार वेळा या शेडमधून फेरी मारतात. तुसाची धूळ आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया वीस वर्षं छातीत गेलाय. भाईजान माझ्याकडं बघत होता. नव्या पद्धतीची बंदिस्त शेड बांधायची, त्यासाठी कर्ज काढायचं आणि पुढंमागं अशी यंत्रं बसवायची, असं त्याच्या मनात आहे. "तू वाचतो-लिहितोस, तूच सांग," असं तो म्हणाला. मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर जे वाचलं, जुळवलं, ते इथे लिहितोय.

सुरुवात घरापासूनच करतो. मामूंचं घराणं मुलाण्याचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (1915) या पुस्तकात गावच्या कारूनारूंमध्ये मुलाणीही आहे. गावात जत्रा असो, नवस असो की पाहुणा आलेला असो, बकरं-कोंबडं कापायला मुलाणी लागायचा. घर मराठ्याचं असो की धनगराचं, सुरी मुलाण्याची असायची. बदल्यात सुगीला बलुत्याचं धान्य आणि जनावरातला ठरलेला वाटा. चाँदशाहवली बाबांच्या इंदापुरात किंवा आसपासच्या गावांत वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आताशा, बाहेरच्यांना.

नानांचं काम कोंबडीच्या शेवटच्या मिनिटाचं होतं, पण तिची पारख त्यांना पुरती होती. आजारी कोंबडं समोर आलं तर ते सुरी लावत नसत. डोळा, तुरा, पिसं आणि पोटाखालची उब बघून परत पाठवत. पारखीची ही नजर मामूंकडं आली ती तिथून, असं मला वाटतं. बलुतं गेलं, गावचे मुलाणी चिकन सेंटरवाले झाले, कुणी गाडीवाले झाले. मामू उलट्या दिशेला गेले, कापण्याकडून पाळण्याकडं.

नानीची बाजू वेगळी होती. दारात पाच-सहा कोंबड्या, त्यांचा पैसा तिचा. खुडूक बसली की टोपलीत राख-भुसा घालून अंडी मांडायची आणि डालगं झाकायचं. एकवीस दिवस ती कोंबडी जे करते ते यंत्रानं करायला माणसाला फार शतकं लागली. ती अंडी उबवते आणि दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवतेही. फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटतो.

हे काम कोंबडीशिवाय करायचं मिसरी लोकांनी फार पूर्वी साधलं होतं. ॲरिस्टॉटलनंही त्याची नोंद केली आहे. पण नीट, पायरीपायरीनं वर्णन मिळतं ते अब्दुल लतीफ अल-बगदादी (1162 ते 1231) या हकिमाकडून. हा माणूस बगदादचा. सलाहुद्दीन अय्युबीच्या घराण्याच्या काळात तो काहिऱ्यात राहिला, 1200 नंतरचा भयंकर दुष्काळ त्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि मिसरवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पिरॅमिड आहेत, झाडं आहेत, भूकबळी आहेत आणि कोंबडीची अंडी उबवायच्या भट्ट्याही आहेत. मातीविटांच्या खोल्या, जळणाला शेण, त्याची मंद उब आणि अंड्यांची उलटापालट. दुष्काळात माणसांची हाडं मोजणारा हा लेखक पिल्लांच्या भट्टीसाठीही वेळ काढतो, हे मला फार आवडलं.

या भट्ट्यांत थर्मामीटर नव्हता. तेव्हा तो जगात कुठंच नव्हता. मग उब किती हे कसं कळायचं? भट्टीवाले अंडं उचलून आपल्या पापणीला लावायचे. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. तिला कळायचं की ही उब जास्त आहे, की कमी, की बरोबर. ही विद्या बापाकडून मुलाकडं जायची, बाहेरच्याला मिळायची नाही. अठराव्या शतकात रेओम्यूर हा फ्रेंच शास्त्रज्ञ या भट्ट्यांच्या मागं लागला. त्यानं 1749 मध्ये कोंबड्या उबवण्यावर अख्खा ग्रंथ छापला. थर्मामीटरवर ज्याचं नाव आहे तोच हा रेओम्यूर. मिसरी पापणीला जे कळतं ते काचेच्या नळीला कळवायचं, हा त्याचा खटाटोप होता.

त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिरानं इंग्लंडमध्ये एक पेटी केली होती. खाली विस्तव, वर अंडी. पेटीच्या आत काचेच्या भांड्यात मद्यार्क आणि पारा. गरमी वाढली की मद्यार्क फुगायचा, पारा वर ढकलायचा, पाऱ्यावरची दांडी उचलली जायची आणि विस्तवाच्या हवेचं झाकण मिटायचं. विस्तव मंदावला की गरमी उतरायची, पारा खाली यायचा, झाकण पुन्हा उघडायचं. माणूस झोपला तरी चालेल. आपल्या कामाचा परिणाम स्वतःच मोजून स्वतःच सुधारणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात ही पेटी अगदी सुरुवातीची मानली जाते. आज फ्रीजपासून विमानापर्यंत जे तत्त्व चालतं, त्याचा एक जुना नमुना कोंबडीच्या पिल्लांसाठी झाला होता. भाईजानला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमचा धंदा मागासलेला नाही म्हणायचा."

'रोबो' म्हटलं की वाचणाऱ्यांना अल-जझरी आठवेल. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. त्याचा यंत्रांवरचा ग्रंथ 1206 चा, म्हणजे बगदादीच्या पुस्तकाच्या आगेमागेच. त्यात हत्तीचं घड्याळ आहे, मोराचं हात धुवायचं यंत्र आहे, बोलणारे-हलणारे पक्षी आहेत. मुसलमानांच्या सुवर्णयुगावर लिहिताना आपण अल-जझरीचं नाव हमखास घेतो. अंडं पापणीला लावणाऱ्या मिसरी माणसाचं नाव कुणी घेत नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. दरबारात पक्षी मनोरंजनाला होता, भट्टीत पोटाला. मला विचाराल तर आजच्या शेडमधला रोबो भट्टीवाल्याच्या वंशातला आहे, दरबारातल्या मोराच्या नाही.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. बारामती-इंदापूर म्हणजे अवर्षणाचा पट्टा. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळात आला आणि कालव्याखालचं रान हिरवं झालं. पुढे 1930 च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. पण कालव्याच्या वरची, जिरायती गावं तशीच कोरडी. साठच्या दशकात आणि मग 1972 च्या दुष्काळात या गावांत पाझर तलाव खोदले गेले. त्यात चर्चच्या 'कासा' या संस्थेची मदत होती, कामाच्या बदल्यात धान्य आणि तेल. मामू लहानपणी तिथल्या तेलाचा डबा डोक्यावर घेऊन आल्याचं सांगतात. 1971 मध्ये आप्पासाहेब पवारांच्या पुढाकारानं बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट सुरू झाला, 1992 पासून तिथं कृषी विज्ञान केंद्र आहे. पाण्यावर ज्याचा हक्क नाही त्यानं काय करावं, याला या भागानं दिलेली दोन उत्तरं म्हणजे संकरित गाय आणि पोल्ट्री. सहा हजार पक्ष्यांना लागणारं पाणी एकरभर उसापुढं काहीच नाही.

पुणे जिल्ह्यात पोल्ट्री वाढायला आणखी कारणं होती. साठच्या दशकात आर्बर एकर्स ही अमेरिकी जातीचे पक्षी आणणारी कंपनी पुण्यात आली. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि तिचा मुख्य मुक्काम पुढे पुण्यालाच झाला. अंड्याचा भाव व्यापाऱ्यानं ठरवायचा की पाळणाऱ्यानं, यावर त्यांनी देशभर शेतकरी जमवले, त्यातून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. पोल्ट्री शिकवणारी त्यांच्या नावाची संस्था उरुळी कांचनला आहे.

या सगळ्यात मधला मोठा बदल करार पद्धतीचा. शेतकऱ्यानं शेड, वीज, पाणी आणि मजुरी द्यायची. कंपनी एक दिवसाची पिल्लं, खाद्य, औषध आणि सुपरवायझर देते. चाळीसएक दिवसांनी दोन किलोच्या आसपासचे पक्षी रात्रीच्या गाडीत जाळ्यांमधून जातात आणि शेतकऱ्याला किलोमागे पाळणावळ मिळते. किती खाद्यात किती वजन आलं आणि मर किती झाली, यावर ती कमी-जास्त होते. बाजारभाव पडला तरी पाळणावळ ठरलेली, हा या पद्धतीचा मोठा आधार. पण पक्षी शेतकऱ्याचा नाही. मामू याला थट्टेनं दुधाई म्हणतात. दूध पाजायचं, पोर दुसऱ्याचं.

बाजारभाव पडणं म्हणजे काय ते आम्ही मार्च 2020 मध्ये पाहिलं. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली. त्यावेळी मामू करारात नव्हते, स्वतःच्या पैशांची बॅच होती. शेवटी गावातल्या माणसांना बोलावून जिवंत पक्षी फुकट वाटले, कारण खाद्याचा रोजचा खर्च पक्ष्याच्या किमतीच्या वर गेला होता. त्यानंतर ते करारात शिरले.

अफवा खोटी होती, पण रोगाची भीती खोटी नाही. गावरान कोंबड्या एका आठवड्यात साफ करणारा मानमोडी नानीला माहीत होता. कोंबडी मान वाकडी करून गोल फिरायची आणि मरायची. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात, कारण 1927-28 च्या सुमारास हा रोग कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखला गेला. त्याच काळात इंग्लंडात तो न्यूकॅसलला सापडला, म्हणून जगात त्याचं नाव न्यूकॅसल. गंमत अशी की जुनी माणसं 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही मानमोडीच म्हणायची. माणसाचं आणि कोंबडीचं मरण मराठीनं एकाच शब्दात बसवलं होतं. मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत 1940 च्या दशकात राणीखेतची देशी लस तयार झाली. आज पहिल्या आठवड्यातच प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात लसीचा एक थेंब जातो. भाभी आणि दोन बायका मिळून सहा हजार डोळ्यांत थेंब टाकतात. त्याचा व्हिडिओ कुणी करत नाही.

बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आला. देशातली पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. लाखो पक्षी मारून पुरले गेले. 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आणि मग पुन्हा नवापुरात तेच झालं. आमच्या भागात या रोगाचं नाव जरा जास्तच हळू आवाजात घेतात, कारण भिगवण जवळ आहे. उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात. तिथून थोड्या अंतरावर पोल्ट्रीच्या शेड आहेत. स्थलांतरित पाणपक्षी हा विषाणू वाहू शकतात. ज्या पक्ष्यांमुळे होडीवाल्यांची घरं चालतात, त्यांच्याकडंच पोल्ट्रीवाले धास्तीनं बघतात.

रोबोच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा मला इथे दिसतो. रोग शेडमध्ये शिरतो तो बहुतेक वेळा माणसाच्या चपलेला चिकटून, खाद्याच्या गाडीच्या चाकाला लागून. सुपरवायझर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. जे यंत्र शेडच्या बाहेरच पडत नाही, ते बाहेरचं आत आणणार नाही. शिवाय ते रात्री दोनलाही फिरतं.

व्हिडिओतल्यासारखं, छताला टांगलेलं यंत्र बार्सिलोनाच्या फॅरोमॅटिक्स या कंपनीनं बनवलं, त्याचं नाव चिकनबॉय. 2021 मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या ॲग्को या शेतीयंत्रांच्या मोठ्या कंपनीनं घेतली. ते विष्ठेचे फोटो काढून पोटाच्या आजाराचा अंदाजही बांधतं. फ्रान्समध्ये टिबो कंपनीचा स्पुटनिक आहे, तो जमिनीवर पक्ष्यांमधून फिरतो आणि त्यांना उठवत राहतो, म्हणजे कोंबड्या जमिनीवर अंडी घालत नाहीत. अमेरिकेत जॉर्जिया टेक आणि हॉलंडमध्ये वाखेनिंगन विद्यापीठानं जमिनीवर पडलेली अंडी उचलणाऱ्या यंत्रांवर काम केलं. हवेतला ध्वनी टिपून पक्ष्यांच्या घरघरीवरून श्वासाचा रोग ओळखायचे प्रयोगही झाले आहेत.

ही घरघर मामू रात्री ऐकतात. दिवे मालवले की पक्षी शांत होतात, मग दाराशी उभं राहून कान द्यायचा. एखाद्या कोपऱ्यातून बारीक 'खर्र' आलं की सकाळी डॉक्टर. दिवसा बघायचं ते पिल्लं कुठं बसलीत ते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली साधारण 33 अंश लागतात, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवायचे. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी, लांब पळाली तर गरमी, एका बाजूला गोळा झाली तर कुठूनतरी वारं येतंय. सारखी पसरली असतील तर थर्मामीटर बघायची गरजच नाही. मिसरी भट्टीवाल्याच्या पापणीचंच काम इथं मामूंची नजर करते.

म्हणून मला "यंत्राला काय कळतं" हे वाक्य पटत नाही, आणि "यंत्राला सगळं कळतं" हेही. मामूंना एका वेळी एक कोपरा कळतो. यंत्राला सगळे कोपरे कळतात, पण आधी त्याला कुणीतरी मामूंसारख्यानंच शिकवावं लागतं की हा फोटो आजारी विष्ठेचा आणि हा बरा. या शिकवणीचे पैसे जगात कुठंही पाळणाऱ्याला मिळाल्याचं मी वाचलेलं नाही.

व्हिडिओतल्या यंत्राला बंदिस्त शेड हवी. आमच्याकडच्या बहुतेक शेड उघड्या, दोन्ही बाजूंना जाळी आणि पडदे, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे ऊन आत येऊ नये. बंदिस्त शेडमध्ये एका टोकाला मोठे पंखे, दुसऱ्या टोकाला ओले पॅड. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशात ही शेड वरदान आहे, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि टाकता टाकता मरते. पण पंखे बंद पडले आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर बंदिस्त शेडमधले पक्षी अर्ध्या तासातही गुदमरू शकतात. उघड्या शेडमध्ये वीज गेली तर पडदे वर करायला माणूस पुरतो. आमच्या फिडरवर वीज कधी आणि किती वेळा जाते, ते मी इथे लिहीत बसत नाही.

आणि माहितीचं काय? बारामतीत 2024 पासून उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे. ट्रस्टबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ त्यात आहेत, हजारभर शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. उसात निदान ऊस शेतकऱ्याचा असतो. करारातल्या पोल्ट्रीत पक्षी कंपनीचा आणि शेड आपली. मग छताला टांगलेल्या डोळ्यानं जे पाहिलं ते कुणाचं? रात्री दोनला मर झाली आणि यंत्रानं त्याची वेळ नोंदवली, तर ती नोंद पाळणावळ कापायला वापरली जाणार की शेतकऱ्याला वेळेवर उठवायला? मामूंच्या एका जुन्या बॅचला खाद्य खराब आलं होतं असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. पुरावा नव्हता, पैसे कापले गेले. तेव्हा असा डोळा असता आणि त्याच्या नोंदी मामूंच्या हातात असत्या, तर गोष्ट वेगळी झाली असती.

आणखी एक माणूस या हिशेबात आहे. शेडच्या टोकाच्या खोलीत राहणारा जोडीदार. तो मराठवाड्यातला, बायको आणि दोन पोरांसह. मेलेले पक्षी तो उचलतो, खड्ड्यात चुना टाकून पुरतो. अमोनिया त्याच्याही छातीत जातोय, फक्त त्याला अजून वीस वर्षं झाली नाहीत. दिवसातून चार फेऱ्यांऐवजी यंत्रानं दाखवलेल्या जागी एकदाच जायचं झालं, तर त्याचा श्वास वाचेल. कदाचित त्याचं कामही निम्मं होईल. मग महिन्याचा पगार निम्मा होईल का, हे मी भाईजानला विचारलं. तो म्हणाला, "त्याला काढायचा विचार नाही." मी म्हटलं, मी काढण्याचं विचारलं नाही.

मागच्या महिन्यात भाईजानला फोन करून माझं मत सांगितलं. बंदिस्त शेडचं कर्ज आत्ता नको. आधी जनरेटर. मग अमोनिया आणि तापमान मोजणारी साधी यंत्रं, ज्यांच्या नोंदी स्वतःच्या फोनवर येतात, कंपनीच्या नाही. आणि मामूंना आत पाठवायचं बंद, मास्क असला तरी. रोबोचा विचार करताना करारात दोन ओळी लिहून मागायच्या. नोंदी कुणाच्या, आणि यंत्र बंद पडून मर झाली तर ती कुणाच्या खात्यावर.

सुपरवायझरला त्यानं हे विचारलं. "वरती विचारून सांगतो," असं उत्तर मिळालं. जनरेटर आला आहे, जुना, दुरुस्त केलेला. मामू आता दिवसा बाहेर खुर्ची टाकून बसतात. रात्री मात्र दिवे मालवल्यावर दाराशी जातात. परवा फोनवर सांगत होते, "अंदर नै जाता रे. बाहर से सुनता."